बांधावर आणि परसात बारा महिने



पावसाळ्यात आणि सुगीत शिवारात पाखरांची, मधमाश्यांची, बेडकांची वानवा नसते. खायला मुबलक, पाणी मुबलक, लपायला जागा मुबलक. खरी अडचण सुरू होते ती शिमग्यानंतर. गहू-हरभरा घरात येतो, कडब्याच्या गंज्या लागतात, ओढा आटतो, बांध पेटवला जातो आणि फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत तीन महिने शिवार उघडे-बोडके पडते. या तीन महिन्यांत जो जीव तगेल तोच पुढच्या खरिपात आपल्या उपयोगी पडेल. जो मरेल किंवा उठून जाईल, त्याचे काम मग पाठीवरच्या पंपाने करावे लागते, आणि त्याचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

आता कोणी म्हणेल, "अहो, पाखरं बोलावून घ्यायची, मग कणसं कोणी राखायची?" प्रश्न रास्त आहे. राघू ज्वारी, मका, पेरू यांची नासधूस करतात. हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्यांचा थवा हुरड्यात आलेल्या ज्वारीवर उतरला तर गोफण हातात घ्यावीच लागते. पण ही राखण महिना-सव्वा महिन्याची. उरलेले दिवस हीच पाखरे काय खातात ते बघा. चिमणी दाणे टिपते हे खरे, पण पिल्लाला ती दाणा भरवत नाही, कोवळ्या अळ्या आणि किडे भरवते. सुगरणीचेही तसेच. चीनमध्ये १९५८ साली चिमण्या धान्य खातात म्हणून सरकारने मोहीम काढून त्या मारवल्या. पुढे पिकांवर किडी माजल्या, आणि १९६० साली मारायच्या प्राण्यांच्या यादीतून चिमणीचे नाव खोडून तिथे ढेकणाचे नाव घालावे लागले.

तेव्हा हिशेब वर्षाचा धरावा, एका महिन्याचा नव्हे.

उन्हाळ्यातले पाणी

उन्हाळ्यात पाखराला दाण्यापेक्षा पाण्याची तहान जास्त. त्यासाठी खर्च काहीच नाही. फुटक्या रांजणाचा बुडखा, मातीची पसरट परळ, जुने घमेले, काहीही चालते. पाणी मात्र उथळ हवे, कडेला बोटभर आणि मध्ये फार तर चार बोटे. खोल भांड्यात लहान पाखरू बुडते. पाण्यात दोन-तीन खडबडीत दगड ठेवावेत. त्यांच्यावर बसून मधमाश्या पाणी पितात. दगड नसेल तर त्या पाण्यात पडून मरतात.

भांडे सावलीत ठेवावे. झुडूप जवळ असावे, पण अगदी खेटून नको. चार-पाच हात जागा मोकळी ठेवावी. मांजर झुडपाआड दबा धरून बसते, आणि मोकळी जागा असली की पाखराला उडायला वेळ मिळतो. रोज सकाळी शिळे पाणी झाडाच्या आळ्यात ओतून भांडे घासून ताजे भरावे. दोन-चार दिवस तेच पाणी राहिले तर त्यात डासांची अंडी पडतात, आणि पाखरांपेक्षा आजारच जास्त येतात. हे काम घरातल्या पोरांकडे द्यावे. ती विसरत नाहीत, उलट कोण-कोण आलं ते मोजून सांगतात.

पाण्याच्याच बाबतीत एक गंभीर गोष्ट. गेल्या काही वर्षांत प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी गावोगाव झाली. त्यांनी बागा जगवल्या हे खरे. पण ते अस्तर इतके गुळगुळीत असते की पाण्यासाठी उतरलेला ससा, मुंगूस, खोकड, कुत्रे पुन्हा वर येऊच शकत नाही. माणसाचीही तीच गत होते, आणि पोहता येणारा माणूसही त्यात बुडतो. म्हणून शेततळ्याला कुंपण हवेच, आणि त्याखेरीज चारही बाजूंना काठावर खुंट्या ठोकून, त्यांना जाड दोर बांधून ते तळापर्यंत सोडावेत. दोराला हात-हातभर अंतरावर गाठी माराव्यात किंवा सायकलचे जुने टायर ओवावेत. लहान जनावरांसाठी एका कोपऱ्यात काथ्याची जाळी अंथरून सोडली की पुरते. कठडा नसलेल्या जुन्या विहिरीवरही हेच. दोन-चारशे रुपयांचा दोर आहे, टाळाटाळ करू नये.

बांध पेटवू नका

मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी कुठल्याही रस्त्याने जा, बांध जळताना दिसतात. "गवत जळालं की पावसाळ्यात चांगलं फुटतं," असे म्हणतात. "किडी मरतात," असेही म्हणतात. किडींपैकी पुष्कळशा जमिनीत कोषात असतात, त्यांना वरच्या धगीने फारसे काही होत नाही. मरतात त्या वर राहणाऱ्या: किडी खाणारे कोळी, सरडे आणि जमिनीवर अंडी घालणारी पाखरे. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्येच अंडी घालते, तितराचे घरटे गवताच्या बुडाशी असते, आणि या दोघांचाही विणीचा काळ नेमका याच दिवसांत येतो. शिवाय आग बांधावर थांबत नाही. वारा सुटला की शेजाऱ्याची गंजी, डोंगराचे गवत, दहा वर्षांचा आंबा, काहीही तिच्या तोंडी जाते.

बांध साफच करायचा असेल तर विळ्याने गवत कापावे आणि तेही एका वर्षी एकाच बाजूचे. दुसरी बाजू पुढच्या वर्षी. कापलेले गवत झाडांच्या आळ्यात टाकावे. उसाच्या पाचटाचेही तेच. पाचट पेटवण्यापेक्षा सरीत आच्छादन केले तर ओल टिकते, आणि त्याखाली गांडुळे, गोमी, बेडूक सारा उन्हाळा काढतात. हे सगळे आमच्या कार्यक्रमात अनेकदा सांगून झाले आहे, तरी धूर काही थांबत नाही.

झाड कोणते आणि कुठे

झाडाचा सल्ला देणे सोपे आणि बांधावर झाड लावणे अवघड. सावलीखाली पीक दबते, मुळे ओल ओढतात, आणि बांध दोघांचा असला तर भाऊबंदकीला आणखी एक निमित्त मिळते. म्हणून मोठी झाडे पिकाच्या अंगाला लावूच नयेत. विहिरीजवळ, ओढ्याकाठी, पाणंदीला, खळ्याच्या कडेला, जिथे सावलीचा उपद्रव नाही तिथे ती लावावीत. बांधावर झुडपे पुरतात.

निवड करताना एकच कसोटी लावावी: हे झाड उन्हाळ्यात काही देते का? गुलमोहर दिसायला छान, पण तो परदेशातून आलेला आहे आणि आपल्याकडच्या जिवांना त्याचा उपयोग थोडा. त्याऐवजी काटेसावर, पळस आणि पांगारा घ्या. पानगळ होऊन रान भकास झालेले असते तेव्हा माघ-फाल्गुनात ही झाडे फुलतात, आणि साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, भोरड्या त्यांच्यावर रसासाठी तुटून पडतात. चैत्रात कडुलिंब आणि करंज फुलतो. दोन्ही मधमाश्यांचे आवडते. मग भोकर, करवंद, जांभूळ. आणि या सगळ्यांच्या वर उंबर. उंबराला वर्षातून अनेकदा फळ येते, त्यामुळे दुसरीकडे काही नसते तेव्हाही उंबराखाली गलबला असतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, तो तर वड-उंबर-पिंपळाच्याच आश्रयाने राहतो. एका वाडीला एक उंबर असावाच.

बांधासाठी करवंद, निरगुडी, अडुळसा, सागरगोटा ही झुडपे चांगली. करवंदीची आणि सागरगोट्याची काटेरी जाळी ढोरांना अडवते, आणि बुलबुल, शिंपी, चिरक यांना घरट्यासाठी तिच्यासारखी सुरक्षित जागा नाही. तारेचे कुंपण ढोर अडवते, एवढेच. घाणेरीला मात्र हात लावू नये. फुलपाखरे तिच्यावर बसतात म्हणून काही जण हौसेने लावतात, पण ती बघता-बघता सगळे रान व्यापते आणि तिचा पाला जनावरांना विषारी आहे.

परसात जागा गुंठाभरच असेल तरी कढीपत्ता, लिंबू, शेवगा, पेरू, तुळस एवढे बसते. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, पुढे हिरवी होणारी अळी आढळते. ती लिंबावरच्या फुलपाखराची. ब्ल्यू मॉरमॉन या मोठ्या काळ्या-निळ्या फुलपाखराची अळीही लिंबाच्याच जातीवर वाढते. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखरू केले. रोप लहान असेल तर अळ्या वेचून टाकाव्यात, पण झाड मोठे झाले असेल तर दहा-बारा अळ्यांनी त्याचे काही बिघडत नाही. घरातल्या बाईमाणसाला लिंबू कमी पडणार नाही आणि पोरांना कोषातून फुलपाखरू निघताना पाहायला मिळेल.

मृग बरसला की

पहिल्या जोरदार पावसानंतर रात्री बेडकांचा जो गोंगाट उठतो त्याचा अर्थ असा की उन्हाळाभर जमिनीत दडून बसलेले बेडूक वर आले आहेत. पिवळेजर्द मोठे बेडूक दिसतात ते नर. विणीपुरता तो रंग धरतात. हे बेडूक रात्रभर किडे खातात. पूर्वी याच बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवल्या जात, लाखोंनी बेडूक मारले जात. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. आता त्यांना पकडून कोणी नेत नाही, पण त्यांची डबकी आपण बुजवतो आणि उरलेल्या डबक्यात औषधाचे डबे विसळतो. बेडकाची कातडी पातळ असते, औषध तिच्यातून सरळ अंगात जाते.

शेताच्या सखल कोपऱ्यात, जिथे एरवीही पाणी साचून पीक पिवळे पडते, तिथे दहा बाय सहा फुटांचा खड्डा घ्यावा. मध्ये गुडघाभर खोल आणि एका बाजूने उतरता. श्रावणापर्यंत त्यात पाणी राहिले तरी बेडकांची एक पिढी तयार होते. चतुरही तिथेच अंडी घालतात, आणि चतुराची पाण्यातली पिल्ले डासांच्या अळ्या खातात. पंप, डबे, हात-पाय धुणे यांसाठी हे पाणी वापरायचे नाही, एवढे पथ्य घरातल्या आणि कामावरच्या सर्वांना सांगून ठेवावे.

याच दिवसांत हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. वर कडुलिंबाची तारीफ केली, आता त्याचा दुसरा भागही सांगायला हवा. हे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीवर पाला खायला जमतात. म्हणून पहिल्या पावसानंतर रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान कंदील किंवा विजेरी घेऊन जावे, फांद्या हलवाव्यात, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे सगळ्या गावाने मिळून केले तरच उपयोग. बाकीचा वाटा पिंगळा आणि वटवाघळे उचलतात. जमिनीतल्या अळीसाठी दिवसा नांगरट करावी. नांगरामागे बगळे, साळुंक्या, कावळे, कोतवाल कसे चालतात ते सर्वांना ठाऊक आहे. ट्रॅक्टर मिळाला म्हणून रात्री नांगरले तर अळ्या वर येतात, पण टिपायला कोणी नसते. सकाळी त्या पुन्हा आत गेलेल्या असतात.

आषाढात लिंबोळ्या गळतात. त्या वेचून, वाळवून पोत्यात भरून ठेवाव्यात. पाच किलो लिंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून शंभर लिटर पाणी केले की पाच टक्के निंबोळी अर्क होतो. त्यात थोडा साबणाचा चुरा घालावा. पिकावर अळी लहान असतानाच तो कामाला येतो, मोठ्या अळीला त्याचा फारसा धाक नाही.

फुले आणि मधमाश्या

दसरा-दिवाळीला झेंडू आपण लावतोच. त्याच्या दोन ओळी टोमॅटो किंवा हरभऱ्याच्या कडेला जास्त लावाव्यात. घाटेअळीचा पतंग त्यावर अंडी घालतो आणि मुख्य पीक थोडे वाचते. धणे, बडीशेप, मोहरी, कारळा यांचीही एक-एक ओळ बांधालगत असू द्या. ढालकिडे, गांधीलमाश्यांच्या लहान जाती असे किडींवर जगणारे जीव अशा बारीक फुलांवर येतात, आणि एकदा आले की शेजारच्या पिकातला मावा शोधून काढतात.

मधमाशीबद्दल मात्र सविस्तर सांगणे जरूर आहे. आपल्याकडे मोठी आग्या, लहान पोळ्याची फुलोरी, पोकळीत राहणारी सातेरी आणि डंख नसलेली पोया अशा जाती आहेत. पेटीत पाळली जाते ती सातेरी. काकडी, कारले, भोपळा, कलिंगड यांच्या वेलीवर नर आणि मादी फुले वेगळी असतात. माशी आली नाही तर फळ धरत नाही, धरले तर वाकडे-तिकडे राहते. कांद्याच्या बियाण्यासाठी लावलेल्या डोंगळ्यांना माश्या नसतील तर गोंडे पोकळ राहतात. सूर्यफुलाला माश्या कमी असल्या तर हाताला तलम कापड गुंडाळून सकाळी फुलांवरून फिरवावे, असा सल्ला द्यावा लागतो. विचार करा, एकरभर सूर्यफुलावरून हात फिरवायला मजूर किती लागतील? माशी हे काम फुकट करते, वर मधही देते.

ज्यांना पेट्या ठेवायच्या आहेत त्यांनी आधी रीतसर शिकून घ्यावे. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथे घरोघर पेट्या आहेत. पण पेटी नसली तरी चालते. जुन्या आंब्याची ढोली बुजवू नये, विहिरीवरच्या झाडाचे पोळे पेटवून काढू नये, आणि फुलावर आलेल्या पिकावर सकाळी फवारणी करू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ. फवारणी टळतच नसेल तर सूर्य मावळताना करावी. तोवर माश्या परतलेल्या असतात.

फवारणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. एक फवारा कमी करणे ही पाखरांवर दया नव्हे, घरातल्या कर्त्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. नाकाला फडके, हातात मोजे, वाऱ्याच्या दिशेने पाठ, आणि दोन औषधे मनाने मिसळायची नाहीत.

हरभऱ्यातले कोतवाल

हरभऱ्याचे घाटे भरू लागले की घाटेअळी आलीच. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाखरांना बसायला जागा देणे. कोतवाल, वेडा राघू, साळुंकी यांना उंचावर बसून खाली नजर ठेवायची सवय असते. हरभऱ्याचे पीक गुडघ्याएवढे, बसायला जागाच नाही, मग ती पाखरे बांधावरच्या तारेवरून जेवढे दिसेल तेवढेच टिपतात. म्हणून एकरी वीस तरी पक्षीथांबे रोवावेत. चार-पाच फुटांची काठी, वर हातभर आडवे लाकूड, बस्स. पेरतानाच हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली तर ज्वारीची ताटेच थांब्याचे काम करतात, काठ्याही तोडाव्या लागत नाहीत. दाणे भरू लागले की मात्र थांबे काढून घ्यावेत आणि ज्वारीची कणसे खुडावीत, नाहीतर दाणे खाणारी पाखरे त्यांच्यावर येतात.

थांबे लावले म्हणून पिकाकडे पाठ फिरवायची नाही. दर चार दिवसांनी शेतात फिरावे. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की निंबोळी अर्क किंवा कृषी सहायकाने सांगितलेला उपाय करावा. पाखरांनी सगळे भागेल असे कोणी सांगत असेल तर तो बढाया मारतो.

कोतवालाचा आणखी एक गुण. तो आपल्या घरट्याजवळ कावळ्याला, घारीला फिरकू देत नाही. अंगावर धावून जातो. म्हणून बुलबुल, होल्यासारखी गरीब पाखरे त्याच्याच झाडावर घरटी करतात. कोतवाल हे नाव त्याला उगाच पडलेले नाही.

उंदीर, घुबड आणि धामण

गहू ओंबीवर आला की उंदरांचा सुकाळ. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, वर्षात अनेक वेळा विते, आणि शेतातला काळा उंदीर जेवढे खातो त्याहून जास्त बिळात साठवतो. त्याला रात्रीच गाठणारे दोघेच: घुबड आणि साप. आपण दोघांनाही घाबरतो.

पांढऱ्या, पानासारख्या चेहऱ्याचे ते गव्हाणी घुबड. जुना वाडा, देवळाचे शिखर, पडीक विहीर, गुरांचा गोठा ही त्याची घरे. पिंगळा लहान, आंब्या-चिंचेच्या ढोलीत राहणारा. "घुबड घरावर बसलं की कोणीतरी जातं," असे म्हणून लोक त्याला दगड मारतात, काही ठिकाणी अमावास्येच्या करणीसाठी धरतातही. त्याच्या झोपायच्या जागेखाली काळपट गोळ्या पडलेल्या असतात, त्यांतली एक काडीने फोडून बघा. आत उंदरांच्या कवट्या, दात आणि केस निघतात. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेले असे ओकून टाकते. कोणी आपल्यासाठी काय करते याचा यापेक्षा चोख पुरावा नाही.

जुना वाडा पाडला की त्याची जागा जाते. तेव्हा गोठ्याच्या उंच कोपऱ्यात किंवा मोठ्या झाडावर बारा-पंधरा फुटांवर लाकडी खोका बसवावा: लांबी दोन फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट, एका अंगाला वीतभर भोक. पावसाचे पाणी आत जाऊ नये. पहिल्याच वर्षी घुबड येईल असे नाही, खोका राहू द्यावा.

उंदरांसाठी विषारी आमिष घालायचेच असेल तर आमिष बिळातच घालावे आणि मेलेले उंदीर दुसऱ्या दिवशी गोळा करून खोल पुरावेत. काही औषधे अशी आहेत की ती खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरते. मग पुढच्या हंगामात उंदीर परत येतात, घुबड येत नाही. त्यापेक्षा उन्हाळ्यात गावाने मिळून बिळे खणणे बरे.

सापांपैकी धामण ही निखालस बिनविषारी आणि उंदरांची वैरीण. ती गाईचे दूध पिते, शेपटीचा फटका मारते, या साऱ्या भाकडकथा. पण साप ओळखता येत नसेल तर धामण समजून कुठल्याही सापाजवळ जाऊ नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार जिवावरचे आहेत. त्यासाठी घराजवळची शिस्त वेगळी ठेवावी. लाकूडफाटा, विटांचा ढीग, कडब्याची गंजी घरापासून निदान तीस-चाळीस पावले लांब. दाणे घरात सांडू देऊ नयेत. उंदीर आला की त्याच्यामागे साप येतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. मण्यार रात्री अंथरुणातच चावते. रात्री शेतात जाताना पायांत बूट आणि हातात विजेरी असावी. दंश झालाच तर भगताकडे नेऊ नये, जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. पाय-हात हलू न देता थेट दवाखान्यात न्यावे. सापाच्या विषावर लस हाच एक उपाय आहे.

सर्वच पाहुणे घराला चालत नाहीत, तेही याच ओघात सांगून टाकू. उसाच्या पट्ट्यात, विशेषतः जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे बिबट्या उसातच वितो. तिथे वस्तीजवळ उष्टे-खरकटे, मेलेली कोंबडी उघड्यावर टाकू नये. त्याने कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. शेळ्या-करडे रात्री पक्क्या, वरूनही झाकलेल्या गोठ्यात ठेवावीत. घर आणि ऊस यांच्यामध्ये पट्टा मोकळा राखावा. तिथे झुडपे लावू नयेत.

चिमणीचा खोपा

शेवटी घरातल्या चिमणीचे. कौलारू घर गेले, वळचण गेली, स्लॅबच्या घरात तिला फट सापडत नाही. २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस म्हणून पाळतात, पण खोका बसवायला त्या दिवसापर्यंत थांबू नये, संक्रांतीलाच बसवावा. होळीच्या सुमारास तिची घरटी जोरात सुरू होतात. सहा इंच लांब, सहा इंच रुंद, आठ इंच उंच असा फळ्यांचा खोका करावा. भोक सव्वा इंचाचे ठेवावे. मोठे झाले तर साळुंकी आत शिरते. भोकाखाली बसायला काडी लावायची गरज नाही, उलट ती कावळ्याच्या सोयीची होते. खोका आठ-दहा फूट उंचीवर, पडवीत, दुपारचे ऊन लागणार नाही अशा भिंतीला, आणि छताच्या पंख्यापासून दूर. एका खोक्यात जोडी आली नाही तर शेजारी दुसरा लावून बघावा; चिमण्यांना शेजार आवडतो. पिल्ले उडून गेली की जुने गवत काढून टाकावे, त्यात गोचिड-पिसवा होतात, आणि खोका दिवसभर उन्हात ठेवून पुन्हा त्याच खिळ्याला अडकवावा. त्याच मोसमात ती बहुधा दुसऱ्यांदा येते.